माझी ठिगळं काढायची नाहीत

हो, मीच बोलतेय. इकडेतिकडे काय बघताय, खाली बघा. धक्क्याच्या पायऱ्या संपतात तिथे चिखलात एका कुशीवर कलंडलेली, रंगीबेरंगी शीड गुंडाळून पडलेली होडी दिसते ना, तीच मी. मला ठिगळी म्हणतात. हे नाव मला चिडवायला ठेवलं होतं. मी चिडले नाही, नाव मात्र ठेवून घेतलं.

आधीच सांगते, मी गरीब बिचारी वगैरे नाही. जुन्या वस्तूंना बोलायची संधी मिळाली की त्या रडायलाच लागतात. माझ्याकडून तसलं काही ऐकायला मिळणार नाही. ओहोटी आहे, पाणी परत यायला वेळ आहे आणि माझ्या नाकावर एक ताजा ओरखडा आहे. तो कुठून आला ते सांगायचंय, एवढंच.

माझा जन्म पडद्यांच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दुकान बाईंचं. लोकांच्या घरी जायचं, खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायचे आणि शिडीवर चढून आपल्या हातांनी बसवायचे, हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना पडदेबाई म्हणतात. त्यांचे यजमान टपाल खात्यात होते. मला त्यांनी घडवलं असं लोक म्हणतात, पण खरं म्हणजे त्यांनी फक्त सुरुवात केली. सुरुवात करणं वेगळं आणि तडीला नेणं वेगळं, हे त्या घरात बाईंशिवाय कुणाला सांगून पटायचं नाही.

यजमानांनी कुठूनतरी एक आराखडा आणून शेडच्या भिंतीवर चिकटवला होता. त्यात मी होते. म्हणजे मी कशी असायला हवी होते, ते होतं. उंच डोलकाठी, तिला चारी बाजूंनी तारांचे ताण आणि वर पांढरंशुभ्र तिकोनी शीड. यजमान कामावरून आले की चहा घेऊन शेडमध्ये यायचे, एखादी फळी घासायचे आणि मग आराखड्याकडे बघत बसायचे. घासण्यापेक्षा बघणं जास्त चालायचं. त्यांची लहानगी लेक माझ्या फासळ्यांमध्ये बसून हवेत वल्ही मारायची.

"बाबा, ही कधी तरंगणार?"

"पुढच्या उन्हाळ्यात."

पुढचा उन्हाळा दर वर्षी यायचा आणि दर वर्षी पुढे जायचा. एकदा मात्र यजमान शिडाचं कापड घेऊन आले. खास शिडाचंच, जाड, पांढरं. सगळ्या शिडाला पुरेल एवढं नव्हतं, एक पट्टाच होता. बाकीचं नंतर आणू म्हणाले. ते नंतर काही आलं नाही. एका सकाळी ते कामावर गेले, तिथेच छातीत दुखायला लागलं आणि घरी त्यांच्या डब्याची पिशवी तेवढी परत आली.

मग मी कितीतरी वर्षं शेडमध्ये तशीच पडून होते. बाई माझ्यात पडद्यांच्या दांड्या ठेवायच्या. लेक मोठी झाली. धक्क्यावरच्या होड्यांच्या क्लबात जाऊन उंच शिडांच्या होड्या चालवायला शिकली आणि चांगली शिकली. मग नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. जाताना तिनं भिंतीवरचा आराखडा काढून नेला. मला ते फार लागलं. आराखडा गेला म्हणून नव्हे, मला सोडून आराखडा नेला म्हणून.

बाईंना एकदा घड्याळजींच्या घरून बोलावणं आलं. हे घड्याळजी म्हणजे दाढीवाले, बोलघेवडे, गावातली सगळी घड्याळं दुरुस्त करणारे आणि स्वतः कुठेही वेळेवर न पोहोचणारे गृहस्थ. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एका होडीचा फोटो होता. बाई खिडकीला दोरीनं ओढायचा पडदा बसवत होत्या. आडव्या पट्ट्यांचा, दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारा आणि सोडली की उलगडत खाली येणारा. त्यांनी दोरी सोडली, पडदा सरसर खाली आला, आणि त्यांची नजर त्या फोटोवर गेली.

"ही होडी कुणाची?"

"आमचीच. का हो?"

"हिच्या शिडाला आडव्या कामट्या आहेत."

"मग! अहो बाई, ते शीड म्हणजे तुमचा हा पडदाच समजा. फक्त उलटा. एका दोरानं वर चढतो, दोर सोडला की स्वतःच्या वजनानं घड्या पडत खाली येतो. वर चढायला नको, तारा नकोत, काही नको. म्हातारपणी बसल्या जागेवरून चालवता येतं."

बाई घरी आल्या त्या थेट शेडमध्ये. माझ्यातल्या दांड्या बाहेर काढल्या आणि मला आपादमस्तक न्याहाळलं, खिडकीचं माप घेताना बघतात तसं. मला तेव्हाच कळलं की आता आपण तरंगणार.

माझं शीड त्यांनी पडद्यांच्या उरलेल्या कापडातून शिवलं. त्यात सहा पट्टे आहेत, दोन पट्ट्यांमध्ये एकेक बांबूची कामटी आणि सगळ्यांच्या वर एक जाडा बांबू. सगळ्यात खालचा हिरवा पट्टा दवाखान्याच्या पडद्यांचा, त्यावरचा राखाडी रेघांचा बँकेचा. मग निळी शाळा, लाल नाटकघर, पिवळं हॉटेल. हॉटेलवाल्यानं पिवळा रंग सांगून ऐनवेळी तपकिरी मागितला होता, म्हणून ते कापड बाईंच्या गळ्यात पडलं होतं. आणि सगळ्यात वर यजमानांनी आणलेला तो पांढरा पट्टा. बाई त्याला 'बाबा' म्हणतात. लेक म्हणायची तसं.

आता बाकीची शिडवाली मंडळी म्हणतील, पडद्याच्या कापडाचं शीड? पहिल्याच वाऱ्यात चिंध्या होतील! झाल्या नाहीत. कारण माझ्या शिडात सगळा भार कामट्या उचलतात, कापडाला फक्त मधली जागा भरायची असते. वारा वाढला की बाई दोर थोडा सैल सोडतात, खालचा पट्टा घडी होऊन बसतो आणि मी कमी शिडावर चालते. आणखी वाढला की आणखी एक. हे सगळं मागच्या फळीवर बसून होतं. तुमच्या उंच पांढऱ्या शिडांचं काय होतं? कुणीतरी जीव मुठीत धरून डोलकाठीपर्यंत धावतं आणि दोन्ही हातांनी कापड खेचत बसतं. असो. मी कुणाला कमी लेखत नाही. ते स्वतःच कमी पडतात.

पाण्यात उतरले त्या दिवशी क्लबाच्या धक्क्यावर टोपीवाले उभे होते. हे क्लबाचे चिटणीस. पांढरी टोपी डोक्यावरून कधी उतरत नाही, जेवताना तर नाहीच. त्यांनी मला बघितलं, नाक मुरडलं आणि म्हणाले, "ही कसली ठिगळी!" धक्क्यावरचे सगळे हसले. बाईंनी सुकाणू फिरवलं आणि मला त्यांच्या अगदी समोरून नेलं. एकदा नाही, दोनदा.

आमच्यासारख्या होड्या थोड्याच. वर्षभर त्या आपापल्या खाडीत, आपापल्या दोरीला. पण उन्हाळ्यात एकदा सगळ्या इथे जमतात. याला संमेलन म्हणू नका, घड्याळजी चिडतात. अध्यक्ष नाही, फलक नाही, भाषण नाही, शर्यत तर अजिबात नाही. भरतीला पाण्यात फिरायचं, ओहोटीला सगळ्या होड्या चिखलात बसल्या की माणसं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून या होडीवरून त्या होडीवर जातात. उलट्या बादल्या हीच खुर्ची.

एकाचं शीड जुन्या तंबूचं आहे, एकाचं ताडपत्रीचं. एका बेकरीवालीनं मैद्याची पोती जोडून शीड केलंय. त्यावर अजून मैद्याचं वजन छापलेलं दिसतं, तेही उलटं. ही माणसं दुसऱ्याच्या होडीवर पाय ठेवताच एकच वाक्य बोलतात, "छान आहे, पण..." त्या 'पण'नंतर दोन तास जातात. कामट्या बांबूच्या असाव्यात की धातूच्या, यावरून मी जिवलग मित्रांना एकमेकांकडे पाठ करून बसलेलं पाहिलंय. चहा आला की परत तोंडं फिरतात.

आणि शेवटच्या दिवशी अंडं.

हा खेळ बाहेरच्यांना सांगायला आमची माणसं थोडी लाजतात. मी नाही लाजत. कांद्याच्या जाळीत एक कच्चं अंडं घालायचं आणि ते होडीच्या नाकाला टांगायचं. मग वारा पाठीशी घेऊन, इंजिन न लावता, वल्हं न मारता थेट धक्क्याच्या भिंतीवर यायचं. शीड एकेक पट्टा खाली घेत वेग कमी करायचा, शेवटी सगळं सोडायचं आणि नाक भिंतीला नुसतं टेकवायचं. अंडं शाबूत राहिलं तर मालकानं ते उकडून खायचं. फुटलं तर सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. बस, एवढंच. पाठीशी वारा असताना शीड असं बसल्या जागी खाली घेता येणं, हा आमच्या जातीचा तोरा आहे. टोपीवाल्यांच्या एकाही होडीला ते जमणार नाही, म्हणून ते या खेळाला पोरखेळ म्हणतात. बाईंचं अंडं आजवर कधी फुटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मात्र बाई दुकानातच कोसळल्या. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा पाऊल थोडं फरफटत होतं आणि डाव्या हातात चमचा राहत नव्हता. लेक नोकरीवर रजा टाकून धावत आली. आल्यावर तिनं आईला जेवू घातलं, चालवलं, व्यायाम करून घेतले, सगळं मनापासून केलं. आणि एक गोष्ट परस्पर ठरवली. मला टोपीवाल्यांना द्यायचं.

टोपीवाल्यांना माझं शीड नको होतं, माझं अंग हवं होतं. लाकूड चांगलं आहे म्हणे. उंच डोलकाठी बसवणार, तारा ताणणार, पांढरं शीड लावणार आणि क्लबात शिकायला येणाऱ्यांना देणार. लेकीनं तो जुना आराखडा त्यांना दिला होता. त्या दिवशी दोघी माझ्यासमोरच बोलत होत्या.

"आई, तू दवाखान्यात हो म्हणाली होतीस."

"मी काहीही म्हणाले नव्हते. तेव्हा मला बोलता कुठे येत होतं?"

"मान हलवलीस."

"तेव्हा माझी मान आपोआप हलत होती. नर्सनं सूप नको ना विचारलं तेव्हाही हललीच की!"

लेक हसली नाही. "तू एकटी हिच्यात बसणार आणि पुन्हा काही झालं तर? मी तिकडे ऑफिसात बसून काय करू? आणि खरं सांगू? ही बाबांची होडी नाहीच. बाबांना जी करायची होती, ती ही नाही. ते क्लबातले काका निदान ती तरी करतील."

बाईंनी उजव्या हातानं माझ्या शिडाची घडी सारखी केली. मग म्हणाल्या, "उन्हाळ्यात सगळे जमतात तिथे एकदा नेते. मग काय करायचं ते कर."

"मी बरोबर येणार."

"ये. बादली घेऊन ये बसायला."

मला विचारा, मला काय वाटलं. संताप आला! मी काय रिकामी खिडकी आहे, वाटेल तो पडदा लावायला? यजमानांचं मला वाईट वाटतं, त्यांचा हात मायेचा होता. पण फासळ्या उघड्या टाकून ते बघत बसले तेव्हा मला पाणी बाईंनी दाखवलं. ज्यांनी मला कधी तरंगवलं नाही त्यांच्या कागदासारखी मी आता का होऊ? आणि बाई माझ्याशिवाय दुकानाच्या गल्ल्यामागे बसून राहिल्या, तर त्यांचा उजवा हातही एक दिवस चमचा सोडेल, हे एवढं शिकलेल्या लेकीला दिसू नये?

तर आजचा दिवस. भरती पूर्ण, वारा धक्क्याकडे वाहणारा, ऊन मोकळं. टोपीवाले मोजपट्टी घेऊन हजर. आज होडी ताब्यात घ्यायची म्हणून माझ्या डोलकाठीचा घेर मोजायला सकाळीच येऊन गेले होते. घड्याळजींनी अंडी वाटली. बाईंनी डाव्या बगलेत जाळी धरली आणि उजव्या हातानं गाठ मारून अंडं माझ्या नाकाला टांगलं. लेक माझ्यात बसली. लहानपणी फासळ्यांमध्ये बसायची, त्यानंतर पहिल्यांदाच.

आम्ही दूर जाऊन वळलो. वारा पाठीत. बाईंच्या उजव्या हातात सुकाणू. शीड चढवायचा दोर त्यांनी खुंटीवरून सोडवून पायाखाली दाबून धरला होता आणि तळपाय उचलून थोडा थोडा सोडत होत्या. दवाखाना घडी होऊन बसला. बँक बसली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. भिंत जवळ येत होती आणि बाई आता सगळा दोर सोडणार, तेवढ्यात लेक उठली.

तिला क्लबात जे शिकवलं होतं तेच तिनं केलं. उंच शिडं आपणहून उतरत नाहीत, डोलकाठीशी जाऊन ओढावी लागतात. भिंत अंगावर येतेय आणि शीड अजून वरच आहे असं बघून ती धावली, डोलकाठीला मिठी मारली आणि कापड ओढायला लागली. म्हणजे बरोब्बर माझ्या कामट्यांच्या खाली जाऊन उभी राहिली. आमच्यापैकी कुणीही शहाणं माणूस उतरत्या शिडाखाली उभं राहत नाही. पण तिला कुणी आमच्यात शिकवलंच नव्हतं.

बाईंनी दोर सोडला असता तर वरचा जाडा बांबू आणि उरलेल्या कामट्या थेट तिच्या डोक्यात आल्या असत्या. त्यांनी दोराला डाव्या मनगटाचा वेढा दिला. त्या हातात बळ नव्हतं, पण मनगट होतंच. दोरावरचा पायही दाबून त्या मागे रेलल्या. दोर थांबला, शीड तसंच राहिलं, वारा तसाच राहिला आणि मी धाडकन भिंतीवर आदळले. अंड्याचं पाणी झालं. माझ्या नाकाची साल निघाली. आदळण्यानं एक कामटी उसळली आणि बँकेत भलं मोठं भोक पडलं.

"बघितलंत?" टोपीवाले वरून म्हणाले. "ऐन वेळी उतरत नाही. मी हेच सांगत होतो. आणि अशा हातानं..."

लेकीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आईच्या हातानं दगा दिला. सगळ्यांनाच तसं वाटलं. घड्याळजींनी वातावरण हलकं करायला टाळी वाजवली, "पडदेबाई, यंदा कप तुमचे!"

बाईंनी डाव्या हाताची बाही खाली ओढून घेतली. मी ओरडत होते, जीव तोडून ओरडत होते, पण होडीचं कोण ऐकतं?

कपांची बादली त्यांनी माझ्या कडेलाच ठेवली. लेक मदतीला बसली. बाईंनी पाण्यात हात घालायला बाही वर सारली आणि लेकीला ते मनगट दिसलं. दोराचा लालभडक वळ, मधे मधे सोललेला.

"हे काय?"

"काही नाही."

"आई."

"दोर लागला."

"कसा लागेल? तू तर दोर सोडलाच नाहीस, म्हणून तर आपण..." तिच्या हातातला कप हातातच राहिला. "तू सोडला का नाहीस?"

"तू खाली होतीस," बाई म्हणाल्या. "तो नीट विसळ, तळाला साखर राहिलीय."

लेकीनं कप खाली ठेवला आणि चिखलानं भरलेल्या पायऱ्या चढून तरातरा घड्याळजींकडे गेली.

"काका, एक अंडं द्या."

"अगं, एका होडीला एकच, असा नियम..."

"तुमच्यात नियम कधीपासून आले?"

घड्याळजींनी दाढी खाजवली. बेकरीवाली म्हणाली, "द्या हो, माझं घ्या, तसंही मला खायचं नाहीये." ओहोटी लागायला फार वेळ उरला नव्हता.

या वेळी लेक मागे, आईला खेटून बसली. बाईंच्या हातात सुकाणू आणि लेकीच्या हातात दोर. फाटक्या बँकेतून वारा फडफड करत निसटत होता. टोपीवाले मोजपट्टी गुंडाळत होते आणि उलगडत होते.

"मी नाव घेईन तो पट्टा खाली घ्यायचा. जास्त नाही, कमी नाही," बाई म्हणाल्या. "दवाखाना."

लेकीनं दोर सैल केला. हिरवा पट्टा बसला.

"बँक. हां. शाळा."

"शाळा."

"नाटकघर. हळू! आता हॉटेल."

भिंत समोर होती. मला तिच्यावरचं शेवाळ दिसत होतं. वर एकच पट्टा उरला होता, उन्हानं पांढऱ्याचा करडा झालेला.

"आता बाबा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"वरचा. तुझ्या बाबांनी आणलेलं कापड. त्यांच्या शिडाचं. सोड."

लेकीनं मान वर केली. मी तिला दोष देत नाही. इतकी वर्षं जे ती कागदावर जपत होती ते डोक्यावर उभं होतं, आणि तिला माहीतच नव्हतं. तिनं दोर घट्ट धरला. भिंत आली.

"सोड, बाळा."

तिनं सोडलं. पांढरा पट्टा सरसर खाली आला आणि सगळ्या रंगांच्या वर घडी होऊन बसला. माझं नाक भिंतीला टेकलं. मी तुम्हाला सांगते, मी आयुष्यात इतक्या हलकेच कशाला टेकले नाही.

आता अंड्याचं. अंडं फुटलं नाही. पण लेकीनं तो क्षणभर दोर धरून ठेवला ना, त्यामुळे केसाएवढा तडा गेला. झालं! धक्क्यावर खडाजंगी सुरू. तडा म्हणजे फुटणं की नाही? घड्याळजी म्हणाले, आत आहे ते आत आहे, विषय संपला. तंबूच्या शिडवाले म्हणाले, घड्याळाच्या काचेला तडा गेला तर तुम्ही ग्राहकाला असंच सांगता का? त्या भांडणात टोपीवाले खाली उतरले आणि माझ्या डोलकाठीला मोजपट्टी लावली.

"काका, माप नका घेऊ," लेक म्हणाली.

"का? सकाळचं माप जरा..."

"होडी द्यायची नाहीये."

"अगं, पण तुझ्या वडिलांचा आराखडा..."

"बाबांचं शीड आहे तिच्यावर. सगळ्यात वर." तिनं त्यांच्यापुढे हात केला. मग आराखडा मागून घेतला, घडी केली आणि माझ्या बाकाखालच्या कप्प्यात ठेवला. "आणि यापुढे मी बरोबर असणार. सुट्ट्या काढीन. आई एकटी बसणार नाही."

"मला विचारलंस?" बाई म्हणाल्या.

"मान हलव फक्त."

बाईंची मान अजिबात हलली नाही. पण त्यांनी लेकीच्या हातातला दोर खुंटीला कसा अडकवायचा ते दाखवलं, आणि तिनं चुकीचा अडकवला म्हणून तिला झापलं. मला तेवढं पुरेसं होतं.

अंडं त्यांनी उकडलं. तड्यातून थोडं पांढरं बाहेर आलं. दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं. मग कप पुन्हा विसळले, कारण भांडण काही मिटलं नव्हतं.

आता पाणी ओसरलंय आणि मी अशी कुशीवर पडलेय. लेक माझ्यात बसून बँकेचं भोक शिवतेय. बाईंकडे जुळणारं कापड नव्हतं, म्हणून तिनं ऑफिसला घालायच्या शर्टाची पाठ कापली. टाके वाकडे आहेत. बाई शेजारच्या बादलीवर बसून ते उसवायला लावतायत, ती उसवत नाहीये. माझ्या बाजूनं विचाराल तर वाकडे टाके चालतील. बँक आता बंद, त्या पट्ट्याला बाईंनी आत्ताच 'लेक' म्हणून हाक मारली.

मला ठाऊक आहे, बाई कायम मागच्या फळीवर बसणार नाहीत. लाकूडही कायमचं नसतं. मग एखादा टोपीवाला पुन्हा मोजपट्टी घेऊन येईल, म्हणेल, बांधा चांगला आहे, हे रंगीत लटांबर काढा आणि हिला जरा नीट करा. त्याला माझा निरोप सांगा. मी नीटच आहे. माझ्या वरच्या पट्ट्यात एका माणसाचा पुढचा उन्हाळा आहे, खालच्यात त्याच्या बायकोची सगळी उमर आहे आणि मधे एका मुलीचा फाटका शर्ट आहे. यातला एक पट्टा जरी काढलात तर मी तुमच्या आराखड्यासारखी होईन, आणि आराखडे तरंगत नाहीत.

ठिगळ लावायचं असेल तर सुईदोरा घेऊन या, जागा आहे. काढायला येणार असाल, तर आधी नाकाला अंडं बांधून या.